मुरलेलं पाणी

बाई, तुझ्या पैलवानाचं पाणी आज बदललं. सगळं नाही, तिसरा हिस्सा. तू करायचीस तसंच, रबरी नळी तोंडाने ओढून, तळाचा गाळ तेवढा परातीत उतरवला. घाण पाणी तोंडात आलं तेव्हा मी शिवी हासडली, आणि मग ध्यानात आलं की शिवी ऐकून "तोंड धू गा आधी" म्हणणारं आता कोणी नाही.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक तुझ्याबद्दल पुष्कळ बोलले. गिरणीतली नोकरी, तरुणपणीच गेलेला नवरा, धाकट्या भावाला, म्हणजे मला, हाताशी धरून गावाहून नागपूरला येणं, विहाराच्या बांधकामाला डोक्यावरून वाहिलेल्या विटा. सगळं खरं आहे आणि सगळं सांगून झालं आहे. मी ते पुन्हा सांगत नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. सौदा अर्धवट टाकून दुकानातून उठून जाणारं गिऱ्हाईक मला कधी आवडलं नाही, आणि तू नेमकी तशी गेलीस.

भांडण एका शब्दाचं होतं. शिळं.

कळमेश्वरच्या अलीकडच्या आपल्या गावात माय संध्याकाळी टोपली घेऊन घरोघरी जायची आणि तू तिच्या मागे. दाराबाहेर उभं राहून हाक घालायची, 'शिळंपाकं वाढा वं माय.' मी तेव्हा अंगावर पीत होतो, मला यातलं काही आठवत नाही. तू सांगितलंस म्हणून माहीत, आणि तेही एकदाच सांगितलंस, कांदा चिरता चिरता, वर न पाहता. पुढे नागपुरात दीक्षा झाली. त्या गर्दीत पांढरं लुगडं नेसून तू उभी होतीस, मी तुझा पदर धरून. सगळ्यांबरोबर तू बावीस प्रतिज्ञा म्हटल्यास, आणि घरी येऊन तेविसावी तुझी तू घेतलीस. या घरात शिळं काही राहणार नाही.

ती प्रतिज्ञा तू जशी पाळलीस तशी सरकारने कायदे पाळले असते तर देश सुधारला असता. रात्रीची भाकरी सकाळी उरत नसे, कारण तू खाणाऱ्याची भूक विचारून पीठ मळायचीस. आणि पाणी. सकाळी नळ आला की तू आधी घरातला गुंड, हंडा, घागर, सगळं रस्त्यावर उपडं करायचीस, राखेने घासायचीस आणि मग भरायचीस. भर मे महिन्यात, जेव्हा अख्खी वस्ती नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटायची, तेव्हासुद्धा. लोक तुला वेडी म्हणत. तू म्हणायचीस, "शिळं पेनाऱ्याईनं मले शिकवू नये."

आणि तुझ्या भावाचा धंदा निघाला जुन्या मालाचा.

मी रद्दी आणि बाटल्यांपासून सुरुवात केली. मग सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत शिरलो. बदली झालेल्या साहेबाला घाई असते आणि मला नसते. माझा सगळा धंदा एवढ्यात आला. कपाटं, टेबलं, पलंग, आरसे, पंखे मी ज्या भावात उचलायचो ते ऐकून विकणारा कपाळाला हात लावायचा, आणि विकताना घेणारा लावायचा. महाल भागात गाळा घेतला. कोणाच्या वशिल्याने नाही, कोणापुढे वाकून नाही. त्या दिवशी तू दुकानात आलीस, पायरीवर चप्पल काढलीस, चहा घेतलास. पण बसली नाहीस. दुकानात खुर्च्यांशिवाय दुसरं काही नव्हतं, बाई, आणि तू उभ्याने चहा प्यालीस.

वस्तीत कोणी विचारलं की भाऊ काय करतो, तर तू म्हणायचीस, "दुसऱ्याचं शिळं विकते." हसत म्हणायचीस, म्हणून ऐकणारे हसायचे. ते माझ्या कानावर यायचं. मी तुझ्याकडे सागवानी पलंग पाठवला, तो त्याच हातगाडीवर परत आला. भिंतीवरचं घड्याळ पाठवलं, तेही आलं. मी तणतणत तुझ्या दारात गेलो आणि विचारलं की घड्याळ कसं काय शिळं होतं. तू भांडी घासत होतीस. म्हणालीस, "दुसऱ्याच्या घरची वेळ दाखवते ते."

मला तुझ्याकडून दुसरं काही नको होतं. माझ्या दुकानातली एक वस्तू तुझ्या घरात असावी, एवढंच हवं होतं. मी शहरातल्या मोठमोठ्या साहेबांना भाव पाडायला लावला, पण या एका सौद्यात तू मला वर्षानुवर्षं तसाच उभा ठेवलास.

मग मासा आला.

इमर्जन्सीच्या आसपासचे दिवस. एका बंगाली साहेबाची कलकत्त्याला बदली झाली होती. सामान चांगलं होतं आणि बाईसाहेब माझ्यासारखीच चिवट. सगळं ठरत आलं तेव्हा तिने व्हरांड्यातली काचेची पेटी दाखवली. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत पुटीन भरून बसवलेल्या काचा, तळाला खडे, पाण्यात दोन वेली आणि एकच मासा. बोटाएवढा, पण शेपूट आणि पर असे की पैठणीचा पदर पाण्यात सोडला आहे. निळा, कडेला लाल. फायटर म्हणतात याला, ती म्हणाली. मासा न्या, नाहीतर कपाटं नाही. मी म्हणालो, जिवंत माल मी घेत नाही, घ्यायचा तर आरशाचं कपाट वर फुकट. तिने कपाट दिलं. पण हातगाडी भरून होईपर्यंत ती माझ्या मागे मागे फिरत सांगत राहिली. "नल का पानी सीधा मत डालना, एक रात रखा हुआ डालना. सारा कभी मत बदलना. साबुन नहीं लगाना. ऊपर जगह छोड़ना, ये ऊपर आके साँस लेता है. और अकेला रखना, दूसरा डालोगे तो लड़ मरेंगे." कपाटांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

दुकानाच्या पत्र्याखाली मासा उकडून मेला असता. प्रमिलाने, माझ्याच बायकोने, आमच्या खोलीत जागा नाही म्हणून सांगितलं. उरलीस तू. मी पेटी तुझ्या ओसरीवर नेऊन ठेवली आणि हातगाडीवाल्याला थांबायला सांगितलं, कारण ती परत न्यावी लागणार याची मला खात्री होती.

"काय आनलं गा हे?"

"मासा."

"खायले?"

"पाह्यले."

"कोनाचा हाय?"

"साहेबाचा होता. आता तुहा."

"म्हंजे दुसऱ्याचाच."

तू वाकलीस. तो काचेजवळ आला, गालफडं फुगवली, पर पसरले आणि तुझ्याकडे पाहत उभा राहिला. बोटभर प्राणी, पण आव असा की तूच त्याच्या घरात शिरली आहेस. तू बराच वेळ तशीच वाकून होतीस. मग म्हणालीस, "जितं हाय. जितं असते ते शिळं नसते." आणि खिडकीखालचा कोनाडा रिकामा केलास. मी हातगाडीवाल्याला जायला सांगितलं. त्या दिवशी मी पायी घरी गेलो आणि वाटेत कोणाशीही भांडलो नाही.

तूच त्याचं नाव पैलवान ठेवलंस. बाईसाहेबाने जे सांगितलं ते मी तुला सांगितलं, तोंडाला येईल त्या शब्दांत. सगळं पाणी बदलू नको, साबण लावू नको, आणि त्याला शिळं पाणी लागतं, ताजं चालत नाही. तू ऐकून घेतलंस. मग राख घेऊन भांडी घासायला बसलीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण सौदा झाल्यावर मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास यायचा. अशाच एका संध्याकाळी मी आलो तर पेटी लखलखत होती. काचा राखेने घासलेल्या, खडे उकळत्या पाण्यातून काढलेले, वेली धुतलेल्या, आणि पाणी काठोकाठ, विहाराच्या फरशीसारखं स्वच्छ. त्या स्वच्छ पाण्यात पैलवान एका पानावर आडवा पडला होता. निळा रंग उडून राखेसारखा झाला होता. कल्ले जोरात हलत होते, बाकी काही हलत नव्हतं.

मी ओरडलो. गल्लीने ऐकलं, म्हणजे किती ओरडलो ते तुला माहीत आहे. तू पदराला हात पुसत उभी होतीस.

"ताजं पानी देल्लं. सकायचं, नळाचं. मी पेते तेच."

"त्याले शिळं लागते म्हणून सांगितलं होतं ना तुले."

"शिळ्यावर कसं जगते ते मले नोको सांगू," तू म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. "मी जगली हाय."

मी पेटीतलं पाणी उपसायला लागलो आणि म्हणालो की कालचं पाणी दे. मग आपण दोघांनी एकदमच चुलीजवळच्या भांड्यांकडे पाहिलं. गुंड, हंडा, घागर, सगळं सकाळचं. तुझ्या घरात कालचं पाणी येणार कुठून?

गल्लीच्या या बाजूला आपली वस्ती, त्या बाजूला विणकरांची घरं. समोरचं घर शेवंताकाकूचं. तिच्या दारात हौदाएवढा रांजण, आणि तो ती कधी रिकामा करायची ते तिलाही सांगता आलं नसतं. त्यावरून तू तिला वर्षानुवर्षं टोमणे मारले होतेस. आणि तू कोणाच्या दारात काही मागायला गेलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मीठ नाही, विस्तव नाही. तू पितळी गुंड उचललास, डोक्यावरून पदर घेतलास आणि गल्ली ओलांडलीस.

मी दारातून पाहत होतो. तू त्यांच्या पायरीशी उभी राहिलीस. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, गुंड कमरेला. तुझं ते उभं राहणं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, तरी मला ते ओळखू आलं. शेवंताकाकू बाहेर आली. काय पाहिजे वं, तिने विचारलं. तिने पुन्हा विचारलं. तुला कोणता शब्द म्हणायचा आहे हे मला कळत होतं आणि तो तुझ्या तोंडातून निघत नाही हेही दिसत होतं. मासा इकडे मरत होता आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, नको म्हणू, बाई, मरू दे त्याला.

मग तू म्हणालीस, "मुरलेलं पानी हाय का वं?"

"मुरलेलं? पानी हाय का लोनचं?"

"कालपासून मुरून राहिलं असन ते दे."

शेवंताकाकू जोरात हसली. "माह्या घरी चार दिवसांचं मुरलेलं हाय. ने लागन तेवढं."

तू परत आलीस. आपण वाटीवाटीने, काचेच्या कडेने ते पाणी आत सोडलं. अंधार पडेपर्यंत पैलवान पानावरून उठला, तिरका का होईना पण वर आला, आणि पाण्याबाहेर तोंड काढून त्याने एक श्वास घेतला. तू म्हणालीस, जेवून जा. मी जेवलो. त्या दारात काय झालं त्याबद्दल आपण पुढे कधी एक शब्द बोललो नाही. मी ते पाहिलं हे तुला माहीत होतं, आणि तुला माहीत आहे हे मला.

दुसऱ्या दिवसापासून तुझ्या मोरीच्या कोपऱ्यात एक बादली आली. वरून धुवट फडकं बांधलेली. सकाळी तू सगळी भांडी पहिल्यासारखीच रस्त्यावर उपडी करायचीस, फक्त त्या बादलीला हात लावायचा नाही. कोणी विचारलं तर सांगायचीस, "मुरवत ठेवलं हाय." लोणचं, बोरं, आंबील घालावं तसं तू पाणी घालायला लागलीस. तेविसावी प्रतिज्ञा मोडली नाही. तू तिच्यासाठी एक नवा शब्द काढलास आणि ते पाणी तिच्या पलीकडे नेऊन ठेवलंस. घासाघिशीत मी भल्याभल्यांना हरवलं आहे, पण असा तोडगा मला सुचला नसता. हे तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो.

त्यानंतर तू त्या माशाची जी उस्तवार केलीस ती पाहून माझी बायको म्हणायची की पुढच्या जन्मी बाईंचा मासा व्हावं. पुढचा जन्म आपण मानत नाही, असं तू तिला तिथल्या तिथे बजावलंस. थंडीत पाणी गारठलं की पैलवान तळाशी जाऊन बसायचा, तर तू पेटीला तिन्ही बाजूंनी गोधडी गुंडाळायचीस आणि चुलीच्या उबेत आणायचीस, पण फार जवळ नाही. मेमध्ये उलटं, भोवती ओलं पोतं. पाणी वरून चार बोटं कमी, म्हणजे त्याला श्वासाला जागा राहील. आणि वर जाळी, कारण एकदा तो उडी मारून थेट तुझ्या तांदळाच्या सुपात पडला होता. खाणं चिमटीभर, आणि खाऊन उरलेला कण दिसला की नळीने बाहेर. डासांच्या अळ्या त्याला फार आवडत. मलेरियाचा माणूस साठवलेलं पाणी तपासायला आला, तुझी बादली उपडी करायला निघाला, तेव्हा तू त्याला पेटीसमोर बसवलंस आणि म्हणालीस की तुझं काम हा करून राहिला, तू चहा पे.

एकदा मी गंमत म्हणून दुकानातला हातआरसा आणला आणि काचेला लावला. पैलवान आरशातल्या माशावर तुटून पडला. गालफडं फुगवून, पर ताठ करून, थकेपर्यंत. तू आरसा माझ्या हातातून काढून घेतलास. "नोको तरास देऊ. तुह्यासारखाच हाय तो. कोनी नाही भेटलं तं सोताशीच भांडते."

पहिला म्हातारा होऊन गेला. दुसरा मी सीताबर्डीवरून आणला. तिथे दुकानदार त्यांना मुरंब्याच्या बाटल्यांत कोंडून ठेवायचा, घाण पाण्यात, एकाशेजारी एक. मी त्याच्याशी भावावरून भांडलो आणि पाण्यावरूनही भांडलो, आणि पाण्यावरून मी का भांडतो आहे हे त्याला कळेना. हा आताचा तिसरा. सगळे पैलवानच. तुला वाटायचं, याला जोडीदार पाहिजे. मी म्हणायचो, ते एकमेकांना फाडतील. तू म्हणायचीस, फाडतील हे तुला कोणी सांगितलं, त्या बंगालणीने. ती काय माशाच्या पोटात शिरली होती? हा वाद आपण दर हिवाळ्यात घालायचो. एकदा मी चिडून विचारलं की तो एकटा आहे म्हणून तुला एवढं वाईट का वाटतं. तू खडे धूत होतीस. "वाईट नाही वाटत. इचारून राहिली." मग खडे निथळत ठेवून म्हणालीस, "एकटं राहनं काही वाईट नसते गा. पानी बराबर पाहिजे." तू कोणाबद्दल बोलत होतीस ते मी विचारलं नाही. बहुतेक माशाबद्दलच.

आता माझी तक्रार.

पाण्याला तुला शब्द सापडला. मला वाटलं, आता माझ्याही मालाला सापडेल. मी वाट पाहिली. एक दिवस, तुझं दुखणं सुरू व्हायच्या आधी, मीच तोंड उघडलं. म्हणालो, पानी मुरलेलं असू शकते, तर माह्या दुकानातलं कपाट काहून नाही? तू नळी झटकलीस आणि म्हणालीस, "पानी माशासाठी मुरवते मी. तू कोनासाठी मुरवतं?" मला एवढा राग आला की मी चहा तसाच टाकून उठलो. मी कोणासाठी? तुझ्यासाठी, दुसऱ्या कोणासाठी. पण ते तोंडावर सांगायला मी काही गिऱ्हाईक पटवणारा पोऱ्या नव्हतो. नंतर डॉक्टरने तुला जमिनीवर, बाजेवर झोपू नको म्हणून सांगितलं, तेव्हा मी पुन्हा तोच सागवानी पलंग पाठवला. मी तो विकला नव्हता, दुकानात मागे लावून ठेवला होता. तू परत पाठवलास. या वेळी टोमणाही मारला नाहीस. आणि त्या बाजेवरच गेलीस.

तुला नेल्यावर नात्यातल्या म्हाताऱ्यांनी गावाकडच्या जुन्या सवयीने घरातलं सगळं पाणी ओतून टाकलं. मयताच्या घरात पाणी ठेवत नाहीत म्हणे. तू असतीस तर त्यांना बुद्धवंदनेपासून शिकवणी लावली असतीस. त्यात तुझी बादलीही गेली. मी तेव्हा स्मशानात होतो. आणि आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी, मायेनेच, पैलवानाला भाताची शितं घातली. एकाने घातली म्हणून दुसऱ्याने घातली. कार्यक्रम आटोपला, माणसं पांगली, मी घर बंद करायला म्हणून गेलो तेव्हा पेटीतलं पाणी पेजेसारखं झालं होतं, वास मारत होतं, आणि पैलवान वर तोंड लावून एकेक श्वास ओढत होता.

मी भांडी पाहिली. पाहुण्या बायांनी नुकतीच घासून भरलेली, सगळी, चकचकीत. तुझ्या घराने तुझी शिस्त मोडली नव्हती.

मी गुंड उचलला आणि गल्ली ओलांडली.

शेवंताकाकू आता थकली आहे, तिला नीट दिसत नाही. मी पायरीशी उभा राहिल्यावर तिने आतूनच कोण म्हणून विचारलं. मी म्हणालो, "काकू, मुरलेलं पानी हाय का?" या वेळी ती हसली नाही. भिंतीला धरत बाहेर आली, मला बस म्हणाली आणि रांजणावरचं झाकण काढता काढता तिने विचारलं, "तुह्या दुकानाले तुही बहीन काय म्हणे, माहीत हाय काय तुले?"

"माहीत हाय. शिळा माल."

"ते तुह्यासमोर."

आणि तिने सांगितलं. तिच्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा कपाट घ्यायचं होतं. ती इतवारीत नवं घ्यायला निघाली होती. तू तिला अडवलंस. "नवं लाकूड घेशीन तं पावसाळ्यात फुगन. महालात माह्या भावाकडं जाय. त्याच्याकडचं मुरलेलं हाय." मला ती खरेदी आठवली. शेवंताकाकूने त्या कपाटासाठी मला घाम फोडला होता, आणि कोणी पाठवलं ते काही बोलली नव्हती. मी तिला विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं. ती म्हणाली, "तिनंच सांगितलं, माहं नाव नोको घेऊ. नाव घेतलं तं भाव सोडन तो."

तिच्यानंतर त्या बाजूची किती घरं माझ्याकडे आली, बाई. पलंग, पाळणे, देवघरंसुद्धा. मला वाटायचं माझ्या नावावर येतात. मी तसं प्रमिलाला सांगायचोही.

तर असं आहे. माझा सगळा धंदा दुसऱ्याच्या हातून आलेल्या मालाचा, आणि तुझी शाबासकीही मला दुसऱ्याच्याच हातून मिळाली. ती वापरलेली होती, गल्लीभर फिरून आलेली होती, आणि माझ्यापर्यंत यायला तिला उशीर झाला. मी अजून रागावलेलो आहे. मला तोंडावर सांगायला तुझं काय जात होतं? मी भाव सोडला असता, तर माझा सुटला असता, तुला काय? पण शेवंताकाकूच्या पायरीवर बसून मी तो माल उलटसुलट करून पाहिला, त्यात खोट काढता येईना, आणि मी तो सांगितलेल्या किमतीला घेतला.

पैलवान वाचला. त्याला आमच्या खोलीत आणलं आहे. प्रमिलाने जागा केली, कशी ते विचारू नको. परवा संध्याकाळी मी नळाची बादली भरली, फडकं बांधलं आणि कोपऱ्यात ठेवली. काल सकाळी प्रमिला नेहमीप्रमाणे घरातलं सगळं पाणी उपडं करायला निघाली. ही सवय तिला तुझ्याकडूनच लागली आहे. बादलीशी येऊन तिने विचारलं, "हे शिळं पानी फेकून देऊ काय?"

"नोको वं," मी म्हणालो. "मुरून राहिलं ते."